मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा

"बंदूक थ्री-नॉट-थ्रीच होती, पण गोळी मात्र एकेकच घालावी लागायची."

समजा, निलंगा तालुक्यातल्या एखाद्या गावात शंभरीला टेकलेले एक स्वातंत्र्यसैनिक आजोबा निजामाच्या ठाण्यावरून पळवलेल्या बंदुकीबद्दल असं सांगतात. ऐकणारा नातू मनातल्या मनात लगेच दुरुस्ती करतो. थ्री-नॉट-थ्रीत तर एका वेळी दहा गोळ्या मावतात. आजोबांचं वय झालं, घोळ होतोय. पण इथे नातवाची दुरुस्तीच चुकीची असण्याची आणि आजोबांचं वाक्य खरं असण्याची दाट शक्यता आहे.

कारण अशी बंदूक खरोखर होती. कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी इशापूरला सरकारी रायफल कारखाना आहे. ब्रिटिश अमलात तिथे ली-एनफिल्ड, म्हणजेच थ्री-नॉट-थ्री, रायफली बनत. याच रायफलींपैकी काहींना तिथे वेगळं रूप दिलं जाई. नळीतले आटे काढून ती आतून गुळगुळीत करायची, तिचं भोक ०.३०३ इंचावरून ०.४१० इंचांवर न्यायचं आणि दहा गोळ्यांचं मॅगझिन जिथे बसतं ती जागा लाकडाच्या ठोकळ्याने बुजवून टाकायची. बाहेरून पाहणाऱ्याला तोच दस्ता, तोच बोल्ट, तीच लांबी. आत मात्र एका वेळी एकच गोळी, आणि तीही जवळच्या अंतरापुरती. ही 'चारशे दहा मस्केट' पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी होती.

चांगली रायफल मुद्दाम अधू करायचं कारण १८५७ च्या उठावात आहे. त्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी हातांत आपल्यापेक्षा एक पिढी मागचं हत्यार द्यायचं धोरण ठेवलं. गोऱ्या पलटणीला स्नायडर मिळाली तेव्हा हिंदी शिपायाकडे तोंडाकडून भरायची एनफिल्ड होती. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा स्नायडर हिंदी शिपायांकडे आली. एनफिल्डच्या नळ्या आतून गुळगुळीत करून नेम बिघडवलेल्या बंदुकाही हिंदी पलटणींना दिल्या गेल्या. चारशे दहा मस्केट हे त्याच अविश्वासाचं पुढचं रूप. लष्कराची थ्री-नॉट-थ्री काडतुसं चोरून पोलिसी बंदुकीत वापरता येऊ नयेत, आणि बंदूक पळवली गेलीच तर तिने फार काही साधू नये. म्हणजे आजोबांच्या हाताला जाणवलेली ती छोटीशी अडचण, पुन्हा पुन्हा एकेक काडतूस चिमटीत धरून आत सारण्याची, ही एका साम्राज्याची भीती होती. या विषयात माझा जीव अडकला तो असल्या दुव्यांमुळे.

निलंग्याच्या परिसरात हा प्रश्न उगाच निघत नाही. १९४८ साली निलंगा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होता. १९५६ नंतर तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात गेला. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरातच वकिली करत होता. संस्थानाच्या हद्दीबाहेर, उमरखेडपासून बार्शी-सोलापूरपर्यंत हैदराबाद स्टेट काँग्रेसचे सरहद्द कॅम्प होते. तिथून तरुण रात्री आत शिरत, करोडगिरीचे (जकातीचे) नाके जाळत, पोलीस ठाण्यांवर चालून जात. तिथून बंदुका हस्तगत करणं हा या कामाचाच भाग होता, कारण बाजारात जाऊन त्या विकत घेता येत नव्हत्या.

शस्त्रं दुसऱ्या वाटेनेही येत होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ मध्ये कराचीहून रात्रीच्या अंधारात लँकास्ट्रियन विमानांतून निजामासाठी शस्त्रं आणत होता. लँकास्टर या बॉम्बफेकी विमानाचीच ही वाहतुकीसाठीची आवृत्ती. ती उतरत त्या धावपट्ट्यांपैकी एक बीदरची, म्हणजे निलंगा ज्या जिल्ह्यात होता त्याच जिल्ह्याच्या ठिकाणची. पुढे या तस्करीबद्दल कॉटनवर इंग्लंडमध्ये खटला होऊन त्याला दंड झाला.

मग १३ सप्टेंबरला मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेने आत आलं, आणि १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. त्यानंतर शस्त्रं सरकारजमा झाली. ज्यांनी जीव धोक्यात घालून ती हिसकावली होती त्यांच्या घरीही ती राहिली नाहीत. उरलंसुरलं काही माळवदाच्या घरांत, कणगीमागे, भिंतीच्या कोनाड्यात पडलं असेल, तर ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात या भागातली कितीतरी जुनी घरंच मातीला मिळाली. त्यामुळे आज बहुतेक ठिकाणी वस्तू नाही, आठवण आहे. आठवणीवरून बंदूक ओळखायची आहे.

ती ओळखता येते, हीच मोठी नवलाची गोष्ट. मात्र प्रश्न बरोबर हवा. "बंदूक कोणती होती?" असं विचारलं की जे नाव येतं त्यावर भरवसा ठेवू नये. नाव नंतर ऐकलेलं असू शकतं, सिनेमातून आलेलं असू शकतं. १९४८ च्या लढ्यात कुणी एसएलआर होती म्हणालं तर ती आठवण नंतरची आहे, कारण आपल्या सैन्यात एसएलआर १९६२ च्या युद्धानंतर आली. विचारायचं ते हाताबद्दल: गोळी कुठून घालायचात? काय ओढायचात? जोर कधी लागायचा?

उत्तर असं आलं की नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गजाने ठासायची, तर ती ठासणीची बंदूक, निजामी मुलखातली भरमार. त्याच्या पुढे आणखी एक गोष्ट विचारता येते. घोड्याखाली तांब्याची लहानशी टोपी बसवायचात का? बसवत असतील तर ती टोपीची बंदूक. तिथे दगड असेल तर चकमकीची. पेटती वात असेल तर तोड्याची, आणि मग आपण थेट शिवकाळाच्या तंत्रापाशी पोचलो. विसाव्या शतकाच्या मध्यावर ठासणीच्या बंदुका काही दुर्मीळ नव्हत्या. त्या काळच्या अंदाजांनुसार रझाकारांतल्या जेमतेम चौथाई लोकांकडे आधुनिक हत्यारं होती. बाकीच्यांची भिस्त भरमारांवर आणि तलवारींवर होती.

दस्त्याच्या गळ्याखालचा लोखंडी दांडा खाली ओढला की वरचं तोंड उघडायचं, गोळी सारायची, दांडा वर केला की बंद, असं कुणी हाताने करून दाखवलं तर समोर मार्टिनी आली. १८७१ मध्ये ब्रिटिश फौजेने स्वीकारलेली ही रचना इतर फौजांतून गेल्यावरही हिंदुस्थानात पुष्कळ वर्षं टिकली. झाकण उजवीकडे उचलून उघडायचं असेल तर ती तिच्या आधीची स्नायडर.

आणि मुठीने मागेपुढे सरकवायचा बोल्ट असेल तर? इथे मला सर्वांत आवडणारा प्रश्न येतो. बोल्ट उघडताना जोर लागायचा की पुढे ढकलताना? बोल्टच्या पोटात एक जाड स्प्रिंग असते; चाप ओढला की तीच टोची पुढे फेकते. ती स्प्रिंग कधी ना कधी दाबून ठेवावी लागते. जर्मन माउझरमध्ये ती दाबली जाते बोल्टची मूठ वर उचलताना. ली-एनफिल्डमध्ये बोल्ट पुढे ढकलताना. म्हणजे एनफिल्डची मूठ अलगद उचलली जाते, बोल्ट सहज मागे येतो, आणि शेवटचा बोटभर पल्ला तळहाताने रेटावा लागतो. एनफिल्ड इतकी वेगवान असण्याचं एक कारण हेच. ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला पंधरा नेमके बार अपेक्षित असत. ज्याने ही रायफल चार दिवस जरी वापरली असेल त्याचा तळहात हा रेटा विसरत नाही. रायफलचं नाव त्याने कधी ऐकलेलंही नसेल, तरी काठी हातात देऊन "दाखवा बरं" म्हटलं तर हात आपोआप सांगतो.

हाताइतकाच कान भरवशाचा. यामागचं भौतिकशास्त्र फार सुंदर आहे.

थ्री-नॉट-थ्रीची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने निघते. हवेतला आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. गोळी आवाजाच्या दुपटीहून वेगात असल्यामुळे ती हवेत स्वतःचाच धक्का उठवत जाते. गोळी जवळून गेली की कानाला आधी एक कोरडा कडाका ऐकू येतो. तो बंदुकीचा नसतो, गोळीचा असतो. बंदुकीचा धप्प आवाज मागून येतो. तीनशे मीटरवरून झाडलेल्या गोळीसाठी या दोहोंत सुमारे चार दशांश सेकंदाचं अंतर पडतं. सैनिकांना या अंतरावरून शत्रू किती लांब आहे हे ताडायला शिकवलं जातं.

ठासणीच्या बंदुकीचं उलट. तिचा शिशाचा गोल गोळा हवेत झपाट्याने मंदावतो आणि थोड्याच अंतरात आवाजाच्या मागे पडतो. म्हणजे दुरून आधी बार ऐकू येतो, मग गोळा येतो. आता एखाद्या आजोबांचं वर्णन ऐका. "डोक्यावरून सट्टकन गेली आणि मग पलीकडच्या अंगाला धप्प झालं," असं ते म्हणाले तर समोर रायफल होती. "बार झाला, आम्ही खाली बसलो, मग गोळी झाडाला लागली," असं म्हणाले तर बहुधा भरमार. दोघांनाही ध्वनीचा वेग माहीत नाही, पण दोघांनी तो मोजून ठेवला आहे.

सलग गोळीबाराची लयही ओळख पटवते. ब्रेन ही हलकी मशीनगन मिनिटाला सुमारे पाचशे गोळ्या सोडते, म्हणजे सेकंदाला आठेक. हे ठोके कानाला सुटे सुटे कळतात. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींसमोर जर्मनांची एमजी-४२ होती. तिचा वेग मिनिटाला सुमारे बाराशे, सेकंदाला वीस. तिथे ठोके वेगळे राहत नाहीत, एक अखंड घरघर ऐकू येते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर खोऱ्यात रायगडचे नाईक यशवंत घाडगे एका जर्मन मशीनगनच्या मोर्चावर एकटे धावून गेले. ग्रेनेडने त्यांनी गन बंद पाडली, टॉमी गनने एकाला टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा टॉमी गन नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांवर तुटून पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ब्रेन दिसायलाही लपत नाही. तिचं मॅगझिन वरच्या बाजूला उभं असतं आणि पुढे वाकलेलं असतं. तो बाक शोभेसाठी नाही. थ्री-नॉट-थ्री काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. अशी काडतुसं एकावर एक रचली की बुडाकडची बाजू जाड होते आणि थप्पी आपोआप वाकते. मॅगझिनला त्या थप्पीचा आकार घ्यावाच लागतो. स्टेन गनचं मॅगझिन डावीकडे आडवं असतं. म्हणून "वर की बाजूला?" एवढा एकच प्रश्न पुष्कळ काम करतो.

नाक काय सांगतं? जुन्या काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक असतं. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन वायू न होता बारीक घन कण म्हणून उरतं, तेच पांढऱ्याधोट धुराचा लोट बनून बंदुकीसमोर लटकत राहतं. बार कुठून आला ते धुरावरून दिसतं, नेम धरणाऱ्याला पुढचं दिसत नाही, आणि गंधकामुळे सडक्या अंड्याचा वास येतो. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू शोधली. ब्रिटिशांनी लवकरच कॉर्डाइट आणलं, आणि पुढे ते निलगिरीतल्या अरुवंकाडूच्या कारखान्यातही बनू लागलं. त्या काळचं थ्री-नॉट-थ्री काडतूस कुणी फोडलं असेल तर आत भुकटी नसे, शेवयांसारख्या पिवळट काड्या असत. "आत काड्या होत्या" हे वाक्य कुठल्याही आठवणीत आलं तर ते कल्पनेने रचता येण्यासारखं नाही. ज्याने पाहिलं तोच ते सांगेल.

डोळ्यांचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रयोग करून दाखवलं की समोर शस्त्र असेल तर पाहणाऱ्याची नजर शस्त्रावर खिळते आणि धरणाऱ्याचा चेहरा नीट लक्षात राहत नाही. गुन्ह्याच्या तपासात ही मोठी अडचण ठरते. आपल्या शोधात मात्र तीच मदतीला येते. रझाकाराने बंदूक रोखली तेव्हा माणसाने जे पाहिलं ते नळीचं भोक. थ्री-नॉट-थ्रीचं भोक ७.७ मिलिमीटरचं, करंगळीही आत जाणार नाही असं. चारशे दहाचं साधारण साडेदहा. बारा बोअरचं साडेअठरा, अंगठ्याचं टोक मावेल एवढं. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती नळी. म्हणून या मोजणीत आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. भीतीने भोक मोठं भासतं, हे मान्य. म्हणून मिलिमीटर विचारू नयेत, "काय मावलं असतं?" एवढं विचारावं आणि उत्तराला हाताच्या व कानाच्या साक्षीशी ताडून पाहावं. एकटी साक्ष डळमळते. तीन साक्षी एकाच बंदुकीकडे बोट दाखवू लागल्या की शंकेला फार जागा राहत नाही.

हैदराबादच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. दोन्ही बाजूंची नियमित फौज एकाच शस्त्रागाराची लेकरं होती. १३ सप्टेंबर १९४८ ला तुंगभद्रेच्या रेल्वे पुलावर नाईक नरबहादूर थापा खुकरी घेऊन ज्या शत्रूच्या गनवर तुटून पडले ती ब्रेनच होती, आणि ब्रेन भारतीय सैन्याकडेही होती. त्याच दिवशी नळदुर्गच्या बाजूला हवालदार बचित्तर सिंग शत्रूच्या लाइट मशीनगनचा मोर्चा शांत करताना धारातीर्थी पडले. दोघांनाही पुढे अशोकचक्र मिळालं. तेव्हा बंदुकीची जात कळली तरी ती कुणाकडून आली हे जातीवरून कळत नाही. त्यासाठी धातूवरच्या खुणा लागतात, आणि आठवणीत त्याही कधीकधी असतात.

एनफिल्डच्या बोल्टच्या मुठीखाली, उजव्या बाजूला, लोखंडावर मुकुटाचं चिन्ह, राजाची अक्षरं, कारखान्याचं नाव आणि साल ठोकलेलं असतं. इशापूरच्या जुन्या रायफलीवर मुकुट आणि जीआरआय ही अक्षरं, इंग्लंडात बनलेल्यांवर जीआर. स्वातंत्र्यानंतर इशापूरने मुकुट काढला, अशोकस्तंभाचे सिंह आणि आरएफआय ही अक्षरं आणली. सिंहांची खूण असलेली रायफल रझाकारांकडून मिळाली असं कुणी सांगितलं तर कथा तपासायला हवी. अक्षरं वाचता न येणाऱ्यालाही 'मुकुट होता की सिंह' हे सांगता येतं.

बंदुका सरकारजमा झाल्या, पण रिकाम्या पुंगळ्या कुणी मोजून घेतल्या नाहीत. त्या पोरांनी शिट्टीसारख्या वाजवल्या, कुणी ट्रंकेच्या तळाशी टाकल्या. अशी एक पुंगळी सापडली तर ती बंदुकीपेक्षाही जास्त बोलते. पितळी, छप्पन मिलिमीटर लांब, तोंडाशी बाटलीच्या गळ्यासारखी निमुळती असेल तर थ्री-नॉट-थ्री रायफल किंवा ब्रेन. तेवढीच लांब पण गळा नसलेली, सरळसोट असेल तर चारशे दहा मस्केट, कारण तिचं काडतूस थ्री-नॉट-थ्रीचाच गळा न घडवता केलेलं असे. पितळी बूड आणि वर पुठ्ठा असेल तर बारा बोअर. बुडावर बारीक अक्षरं असतात: बाणाच्या दोन बाजूंना के आणि एफ असतील तर ते काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातलं, आणि शेजारचे आकडे ते बनल्याचं साल सांगतात. खडकीचा हा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. पुण्याजवळ भरलेलं काडतूस संस्थानात पोचलं, मांजरा-तेरणेच्या खोऱ्यात कुणावर तरी झाडलं गेलं, आणि त्याची पुंगळी औराद शहाजनीच्या एखाद्या घरात सापडली, असा प्रवास त्या दोन अक्षरांतून उलगडू शकतो. (टोक असलेलं, न झाडलेलं काडतूस सापडलं तर मात्र ते घासूपुसू नये, ठोकू नये, थेट पोलिसांना कळवावं. जुनी दारू बेभरवशाची असते.)

जे तरुण १९४८ मध्ये वीस वर्षांचे होते ते आज शंभरीजवळ आहेत. मराठवाड्यात त्यांच्या मुलाखती झाल्या आहेत, त्यांत लढ्याची, तुरुंगाची, उपोषणांची, पुढाऱ्यांची माहिती भरपूर येते. बोल्टचा रेटा, धुराचा रंग, पुंगळीचा गळा हे कुणी विचारत नाही, आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही. मला ते फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे एवढ्या लोकांनी हातात धरलेल्या वस्तूंची नोंद इतकी विरळ राहावी, हे मनाला लागतं.

एक सोय मात्र अजून आहे. थ्री-नॉट-थ्री आपल्या पोलिसांच्या खांद्यावर फार उशिरापर्यंत राहिली. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईतल्या हल्ल्यात पोलिसांकडे तीही होती, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात. म्हणजे निलंग्यात, उदगीरला, देगलूरला ज्या घरात स्वातंत्र्यसैनिक आजोबा आहेत, त्याच घरात किंवा शेजारी एखादा निवृत्त हवालदारही सापडेल, आणि त्याने ही रायफल नोकरीत वर्षानुवर्षं चालवली असेल. दोघांना वेगवेगळं बसवा. दोघांच्या हातात काठी द्या, बोल्ट चढवून दाखवायला सांगा, आणि मोबाइलवर चित्रित करा. मूठ उचलताना हात सैल आणि पुढे ढकलताना तळहात ताठ, असं दोघांचंही दिसलं तर आजोबांच्या हातात १९४८ मध्ये ली-एनफिल्डचा बोल्ट होता. मग आजोबांना पुढचा प्रश्न विचारा: दर वेळी गोळी हाताने घालावी लागायची का?